एक जूनची पोरं

“परवाच्या दिनविशेषात एक नाव वाढवायचंय,” रेवडकर म्हणाले.

मी स्टुलावर उभी राहून भिजवलेल्या खडूने फळ्यावर गोवा राज्य झाल्याची घटना लिहीत होते. तीस मे. सकाळचंच ऊन पाठीला चटके देत होतं. वळून न बघता मी विचारलं, “कोण गेलं?”

“गेलं नाही कुणी. जन्मात घालायचंय.”

“आपल्या फळ्यावर जन्मात यायचं तर आधी मरावं लागतं, रेवडकर. तुम्हाला माहीत आहे.”

रेवडकर आमच्या तांबरगाव सार्वजनिक वाचनालयाचे सचिव. त्यांचं औषधाचं दुकान होतं, आणि कुणाशीही बोलताना शेजारच्या गिऱ्हाइकाला रोग कळू नये अशा बेताने ते हळू बोलत. त्यांनी चौकात दोन्हीकडे पाहिलं.

“अंकुशरावांचा वाढदिवस आहे एक तारखेला. त्यांची इच्छा आहे.”

माझ्या हातातला खडू मोडला.

वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर, बाजारचौकाकडे तोंड करून तो सिमेंटचा काळा फळा होता. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, शाळेतून निवृत्त झाल्यावर स्वतःच्या खर्चाने करून घेतलेला. रोज सकाळी त्यावर दिनविशेष यायचा: जन्म, मृत्यू, घटना. एस. टी.ची वाट बघणारी माणसं तो वाचायची. ज्यांना वाचता येत नव्हतं ती शेजारच्याला विचारायची, “आज कोन जल्मलंय?” सहा जूनला राज्याभिषेक, अठराला झाशीची राणी, सव्वीसला शाहू महाराज. जून महिना लिहिताना फळा पुरायचा नाही. आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यावर खडू माझ्या हातात आला. मी तिथे ग्रंथपाल होते. हंगामी. हंगामी हा शब्द ज्वारीला शोभतो. मी वीस वर्षं हंगामी होते.

फळ्याचा नियम एकच होता आणि तो आप्पांनी घातलेला होता. जिवंत माणसाचं नाव फळ्यावर लिहायचं नाही. का, असं कुणी विचारलं तर ते म्हणत, “अजून बिघडायला वेळ असतो त्याला.”

“नियम आहे,” मी रेवडकरांना सांगितलं.

“अध्यक्ष आहेत ते आपले.”

“अध्यक्ष असले तरी जिवंत आहेत.”

रेवडकर हसले नाहीत. “दोन तारखेला सभा आहे. तुम्हाला कायम करायचा ठराव त्याच सभेत यायचाय.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही. मी फक्त दोन तारखा सांगितल्या.”

औषधाची पुडी हातात ठेवावी तसं बोलून ते गेले. मला राग लवकर येतो. तो आला की मुक्कामालाच येतो. त्या दिवशी मी गोव्याच्या खाली साल चुकीचं लिहिलं आणि ते दुपारी एका कॉलेजच्या पोराने येऊन सांगितलं, तेव्हा मी त्याच्यावरच डाफरले.

अंकुशराव थोरमोटे पहिलीपासून माझ्या वर्गात होता. थोर आणि मोठा दोन्ही आडनावातच आल्यामुळे वेगळं काही करण्याची गरज त्याला कधी वाटली नाही. खडी-सिमेंटच्या ठेक्यांवर वर आला, नगरसेवक झाला, मागच्या वर्षी वाचनालयाचा अध्यक्ष झाला. त्याच्या हातात पुस्तक मी एकदाच पाहिलं होतं, तेही फोटोसाठी. आणि ते त्याने उलटं धरलेलं होतं.

पण वाढदिवस एक जूनचाच का, हे सांगायला हवं. आमच्या पिढीतल्या खेड्यापाड्यातल्या माणसांना ते सांगावं लागत नाही. तेव्हा घरात तारीख माहीत नसायची. आई सांगायची, “पोळ्याच्या आगंमागं झालं,” किंवा “म्हस व्याली त्याच्या दुसऱ्या दिवशी.” शाळा जूनमध्ये उघडायची आणि पोर तेव्हा सहा वर्षांचं भरलेलं असावं लागायचं. म्हणून गुरुजी सरळ एक जून लिहून मोकळे. आमच्या गावात ते गुरुजी म्हणजे आप्पा. निम्म्या गावाचा वाढदिवस त्यांनी एका बैठकीत उरकला. लोक आम्हाला ‘गुरुजींची जून पोरं’ म्हणायचे. भेंडी जून होते, काकडी जून होते, तशी आम्ही जन्मतःच जून झालेलो.

आम्ही म्हणजे मीसुद्धा. मीही एक जूनची. गुरुजींची सख्खी मुलगी, जिच्या घरात पंचांग होतं, भिंतीवर कॅलेंडर होतं, आणि जिचा बाप रोज सकाळी शाळेच्या फळ्यावर आधी तारीख लिहायचा.

आई मी चार वर्षांची असताना गेली. मी अकरा वर्षांची झाल्यावर आत्या एकदा सहज बोलून गेली, “तू झालीस तवा हुरड्याचे दिवस होते गं. तुझ्या आईला शेकायला कोळसा पुरत नव्हता.” हुरडा थंडीत असतो. जून कुठे, हुरडा कुठे. मी धावत जाऊन आप्पांना विचारलं. ते म्हणाले, “शाळेत लिहिलंय ते खरं.” मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. जगातल्या सगळ्या थोरामोठ्यांच्या जन्मतारखा तोंडपाठ असलेल्या माणसाने स्वतःच्या मुलीची तारीख तिला दिली नाही. त्यानंतर मी विचारायचं सोडलं. राग मात्र सोडला नाही.

तीस मेच्या त्याच संध्याकाळी अंकुशराव आमच्या घरी आला. बरोबर चार माणसं, शाल, नारळ आणि पेढ्यांचा खोका. त्याने आप्पांच्या पायावर डोकं ठेवलं. आप्पा बाजेवर बसले होते. त्यांनी डोळे बारीक करून विचारलं, “कोण?”

“मी अंकुश, गुरुजी. तुमचा विद्यार्थी.”

“पाढ्यांचं काय झालं?”

माझ्या तोंडून हसू फुटलं. अंकुशरावही हसला, पण त्याच्या माणसांनी हसावं की नाही हे त्यांना ठरवता आलं नाही.

“गुरुजी, परवा चौकात तुमचा सत्कार ठेवलाय,” तो म्हणाला. “वाढदिवस माझा, पन सत्कार तुमचा. माझ्या आयुष्याची तारीखच तुमी लिवली.”

“तुझी एकट्याची नाही लिहिली.”

“तेच बोलायचंय.” तो बाजेच्या कडेला टेकला. “त्या लातूरच्या पेपरवाल्यानं लिवलं बगा, ‘एक जूनचे नेते’. म्हनं, ज्यांच्या आईलाच तारीख ठाऊक न्हाई त्यांचे फ्लेक्स कशाला. गावात लोक हसायलेत, गुरुजी. तर तुमी माइकवर एवढंच सांगा, की बाकीच्यांच्या तारखा अंदाजानं टाकल्या, पन अंकुशची खरी होती. त्याच्या बापानं मला सांगितली होती. एवढं एकच वाक्य.”

“तुझ्या बापाने?” मी म्हणाले. “तुझा बाप तुला शाळेत घालायला आलाच नव्हता. तुझी आजी आली होती, आणि तू तिच्या लुगड्यात तोंड घालून रडत होतास.”

“गिरिजाताई, तुमच्या नोकरीचं मी बगतोय,” तो माझ्याकडे न बघता म्हणाला. “तुमी तेवढं फळ्याचं बगा.”

मला वाटलं, आता आप्पा शाल उचलून त्याच्या अंगावर टाकतील. ते म्हणाले, “बघू.”

बघू. खोटं बोलणाऱ्या पोरांना सगळी नोकरीभर अंगठे धरून उभं करणारा माणूस म्हणाला, बघू.

ते गेल्यावर मी पेढ्यांचा खोका उचलून चुलीमागे भिरकावला. “तुम्ही त्याला नाही का म्हणाला नाहीत?”

“आवाज कमी कर.”

“माझी नोकरी जाईल म्हणून? जाऊ दे. वीस वर्षं जातच होती. पण त्याची तारीख खरी आणि आम्हा सगळ्यांची खोटी, हे तुम्ही चौकात उभं राहून सांगणार?”

“मी बघू म्हणालो.”

“तुमचं बघू मला माहीत आहे. माझ्या तारखेचंही तुम्ही आयुष्यभर बघूच केलंत.” मग जे इतकी वर्षं घशात होतं ते आलंच. “त्यांच्या आयांना माहीत नव्हतं, आप्पा. तुम्हाला माहीत होतं. मला का एक जून दिलात? मी काय चावडीवर सापडले होते?”

आप्पांनी डोळ्यांवरून हात फिरवला. “परवा ये फळ्यापाशी,” ते म्हणाले. “तू असलीस तर मला बोलता येईल.”

एकतीस मेला मी अहिल्याबाईंची जयंती लिहिली आणि खाली सुंदर अक्षरात फळ्याचा नियमही लिहिला. मुद्दामच. माझ्या सांगण्यात काही विनय नव्हता.

एक जूनला रविवार होता, आमचा आठवडी बाजार. मी बादली, फडकं आणि खडूंचा डबा घेऊन चौकात पोचले. मनात तयार होतं सगळं: पहिली एस. टी. पुणे ते नगर धावली ती घटना, नर्गिसचा जन्म, दूध दिन. चौकावर अंकुशरावाचा दोन मजली फ्लेक्स टांगलेला होता, हात जोडलेला. त्याच्याखाली माझ्या फळ्यावर पिवळ्या रंगात लिहिलं होतं:

जन्म: मा. अंकुशराव थोरमोटे (खरी जन्मतारीख).

मी फडकं भिजवून त्यावर फिरवलं. अक्षर हललं नाही. पुन्हा जोर लावून घासलं. हाताला वास आला तेव्हा कळलं. तेलरंग होता. रंगारी लावून आदल्या संध्याकाळी काढून घेतलेलं. आप्पांनी पेन्शनमधून केलेल्या, वर्षानुवर्षं काजळी आणि पानांच्या रसाने मी जपलेल्या फळ्याच्या डोक्यावर त्याने स्वतःचं नाव कायमचं करून घेतलं होतं. मला कायम करायला सभा लागत होती. त्याला एक डबा रंग पुरला.

मला त्या क्षणी जे वाटलं त्याला राग म्हणणं कमी आहे. मी बादलीतलं सगळं पाणी फळ्यावर फेकलं. लोक वळून बघू लागले.

“घासून काय व्हतंय, गिरजा,” मागून आवाज आला. “त्यो रंग हाय. मी कवाची बघायली.”

सुंदरा घोडके. पहिल्या दिवसापासून माझ्या वर्गात, चौथीनंतर शाळा सुटलेली. दर रविवारी फळ्याच्या बरोबर समोर भाजी घेऊन बसायची. तिला वाचता यायचं, म्हणून बाजारातल्या बायकांना दिनविशेष तीच वाचून दाखवायची.

“खरी म्हनं,” ती म्हणाली. “ह्याची आजी न् माझी आई एकाच टायमाला बसल्या व्हत्या गुरुजींपुढं. ह्याची खरी तर माझी कशी खोटी?”

“नाही खोटी.”

“मंग लिव की माझं.”

“काय?”

“माझं नाव. जल्मात लिव. मी बी एक जूनची हाय.” तिने भेंडीचं टोक मोडून बघणाऱ्या एका बाईच्या हातावर चापट मारली. “मोडू नगं गं, कवळी हाय. जून मी हाय, भेंडी न्हाई.”

नियम तेलरंगाने मोडलेलाच होता. मी स्टूल लावलं, लाल खडू भिजवला आणि त्या पिवळ्या नावाच्या शेजारी, त्याच्याइतक्याच मोठ्या अक्षरात लिहिलं: सुंदरा घोडके, भाजीविक्रेत्या.

तिने ते मोठ्याने वाचलं. तेवढं पुरलं. पंक्चर काढणारा यासीन हात पुसत आला, “माझं राहिलं, बाई.” बसस्टँडवरचा हमाल लिंबाजी आला. गिरणीवाला आला. आमच्यातल्या कडू नावाच्या एकाला मी ओळखलंच नाही, त्याचे सगळे दात गेले होते. एकजण नुसता उभा राहिला आणि म्हणाला, “माझा भाऊ गेला मागच्या साली, त्याचं बी एक जूनच. चालंल का?” मी म्हणाले, तो तर नियमातच बसतो. नर्गिसला मी कोपऱ्यात घेतलं, एस. टी.ला सर्वांत खाली. हात भरून आला होता, पण मी थांबत नव्हते. प्रत्येक नावाला मी खडू असा दाबत होते, की तो सिमेंटात शिरावा.

शेवटी सुंदरा म्हणाली, “न् तुझं?”

मी खडू खाली ठेवला. “माझं नको.”

“का? तू काय फ्लेक्सवाली हायस?”

तेवढ्यात लाउडस्पीकर सुरू झाला म्हणून सुटले.

दहाच्या सुमारास आप्पांना जीपमधून आणलं. स्टेजवर अंकुशराव, रेवडकर आणि शालींचा ढीग. अंकुशरावाने फळा पाहिला. त्याचा चेहरा रंगाच्या डब्यासारखा घट्ट झाला, पण माणसं जमली होती आणि व्हिडिओवाला होता. त्याने फक्त रेवडकरांकडे पाहिलं. रेवडकरांनी जमिनीकडे पाहिलं.

सत्कार झाला. माइक आप्पांच्या हातात दिला. अंकुशराव वाकून म्हणाला, “सांगा गुरुजी, माझी तारीख.”

“गिरिजा कुठंय?” आप्पांनी माइकवरच विचारलं.

“इथे आहे,” मी खालून ओरडले.

“फळ्यावर काय लिहिलंय ते वाच.”

मी वाचलं. सगळी नावं वाचली. पहिलं पिवळंही वाचलं, कंसातल्या शब्दांसकट. चौक ऐकत होता. कुणीतरी शिट्टी मारली, कुणीतरी त्याला गप्प केलं.

“एक नाव राहिलं,” आप्पा म्हणाले. “माझ्या मुलीचं. तीही त्याच दिवशी शाळेत आली. सगळ्यात आधी मी तिची तारीख लिहिली, कारण ती मला ठाऊक होती. खरी होती. रांगेत पुढं सुंदराची आई होती. तिला विचारलं, तर तिला सांगता येईना. मी म्हटलं, असू दे, एक जून लिहितो. तेव्हा ती माउली मला काय म्हणाली सांगू का?”

सुंदरा भाजीमागून उठून उभी राहिली होती.

“म्हणाली, ‘गुरुजी, तुमच्या पोरीला खरी आन् आमच्या पोरीला खोटी व्हय?’” आप्पांचा आवाज चिरकला. त्यांना रागावलेलं मी शाळेत पाहिलं होतं, पण असं नाही. “मला जाब विचारला तिनं. सगळ्या शाळेसमोर. मी माझ्या पोरीची तारीख खोडली आणि तिलाही एक जून लिहिला. म्हटलं, खोटं असेल तर सगळ्यांना सारखं असू दे. त्यापायी ही पोरगी माझ्याशी आयुष्यभर भांडत आली. भांडू दे. तिचा हक्क आहे.”

अंकुशरावाने माइक घ्यायला हात पुढे केला. आप्पांनी तो सोडला नाही.

“अंकुश, माझी पोरगी खरी तारीख असून तुमच्यात खाली बसली. तुझी तर खोटीच आहे. तू रे कशाला वर चढून बसलास?”

माइक बंद झाला. कुणी केला ते कळलं नाही. टाळ्या वाजल्या नाहीत, असल्या वेळी वाजत नाहीत. लिंबाजी हमाल पुढे झाला, त्याने आप्पांना हाताला धरून स्टेजवरून उतरवलं. मी मात्र जागची हलले नाही. मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही मला राग येत होता. एवढं एक वाक्य मला अकराव्या वर्षी सांगितलं असतं तर? मला कळलं नसतं? सुंदराच्या आईपुढे ज्याला लाज वाटली, त्याला माझ्यापुढे बोलायला इतकी वर्षं का लागावीत?

घरी जाताना मी तसंच विचारलं. “मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर तू ती तारीख धरून बसली असतीस,” आप्पा म्हणाले. “मग खोडून काय उपयोग?”

“ते मी ठरवलं असतं.”

ते थोडा वेळ चालले. मग थांबले, आणि त्यांनी मला माझी तारीख सांगितली. वार सांगितला, वेळ सांगितली, आईला हुरडा खावासा वाटत होता आणि सुईण देत नव्हती, हेही सांगितलं. सगळं त्यांना जसंच्या तसं आठवत होतं. रस्त्यात उभं राहून मी ते ऐकलं. “आता धर काय धरायचं ते,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात सभा झाली. मला आत बोलावलं. टेबलामागे अंकुशराव, बाजूला रेवडकर आणि चार सभासद. मला वाटलं होतं अंकुशराव आरडाओरडा करील. तो नुसता गोड होता.

“बसा, बाई. तुमचा ठराव घ्यायचाय. अडचन एकच. काल गुरुजींनी जाहीर सांगितलं, की तुमची जन्मतारीख खोटी हाय. खोट्या तारखेवर कायम कसं करायचं? उद्या कुनी तक्रार केली तर?”

“मग?”

“तर खरी सांगा. गुरुजींनी ती सांगितली असंलच तुमाला.” त्याने खुर्ची पुढे ओढली. “आन् दोन वळी लिहून द्या. गुरुजींचं वय झालंय, बोलताना चुकलं. दोनच पोरांच्या तारखा त्यांना नक्की ठाऊक व्हत्या, एक त्यांच्या पोरीची, एक माझी. झालं. तुमची बी खरी, माझी बी खरी. फळ्यावर तुमचं नाव माझ्याशेजारी रंगवून घिऊ. बाकीचे ऱ्हाऊ द्या जून. त्यांना काय फरक पडतोय?”

रेवडकर पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. “घ्या बाई. वीस वर्षं झाली. आज होऊन जाईल.”

खिडकीतून फळ्याची कड दिसत होती. रात्रीतून त्यांनी खडूची नावं धुऊन काढली होती. पिवळं तेवढं शिल्लक होतं. पलीकडे सुंदरा नव्हती, बाजार रविवारीच असतो. माझ्याकडे ती तारीख होती. काल संध्याकाळपासून मी ती मनात इतक्या वेळा म्हटली होती, की ती माझ्या तोंडात पेढ्यासारखी विरघळायला लागली होती. एवढी वर्षं मागितलेली वस्तू. आता ती नुसती उच्चारायची होती, आणि नोकरी, पगार, पेन्शन, सगळं टेबलापलीकडून येणार होतं. आप्पा म्हातारचळ लागलेले ठरणार होते. आणि गुरुजींच्या पोरीची खरी, बाकीच्या पोरींची खोटी, हे पुन्हा एकदा तिथेच लिहिलं जाणार होतं, जिथे ते खोडलं गेलं होतं.

“लिहा, रेवडकर,” अंकुशराव म्हणाला. “बाई, सांगा. तुमची खरी जन्मतारीख?”

मी उठून उभी राहिले. माझा आवाज बाहेरच्या एस. टी. थांब्यापर्यंत गेला, असं नंतर यासीनने सांगितलं.

“एक जून.”

“बाई, नीट विचार करा.”

“एक जून,” मी म्हणाले. “सुंदरा घोडकेची आहे तीच.”

मी खडूंचा डबा काखेत मारला आणि बाहेर पडले. त्यानंतर त्या वाचनालयाची पायरी मी चढले नाही. आप्पा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. ती दुसरी तारीख दर हिवाळ्यात येते आणि जाते, मी ती कुणाला सांगितलेली नाही. एक जूनला मात्र सुंदरा भेंडी घेऊन येते. आम्ही दोघी निवडत बसतो.